मातीच्या पट्टीवर विमान उतरताना

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या 'आपला सभासद, आपला अनुभव' या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. वक्ते बी विंगमधील सभासद व निवृत्त एस.टी. चालक आहेत.)

अध्यक्ष महाशय, कमिटीचे सगळे सभासद, माझ्या वयाची मंडळी, आणि मागे पाण्याच्या टाकीवर चढून बसलेली पोरंटोरं,

सेक्रेटरींनी मला सांगितलं की, "काका, तुम्ही अमेरिकेला चार महिने राहून आलात, तेव्हा अमेरिकेवर वीस मिनिटं बोला." मी म्हटलं, अमेरिकेवर मी काय बोलणार? तिथले मॉल आणि रस्ते तुम्ही मोबाईलवर बघताच. मी तीस वर्षं एस.टी.चं स्टेअरिंग धरलेला माणूस. मला गाडी कळते, घाट कळतो, ब्रेक कळतो. तेव्हा जे मला कळलं तेवढंच सांगतो. विषय ऐकून हसू नका. डोंगरात, रानात, मातीच्या पट्टीवर लहान विमान कसं उतरवतात हा माझा विषय आहे.

आमची धाकटी तुम्हाला आठवत असेल. या सोसायटीचं पहिलं झेंडावंदन झालं तेव्हा ती दोन वेण्या घालून उभी होती. ती आता बॉयसी नावाच्या गावात असते. आयडाहो राज्याची ती राजधानी. कॉम्प्युटरची मेमरी बनवणारा मोठा कारखाना तिथं आहे, त्यामुळे आपल्याकडचे बरेच इंजिनिअर तिकडे आहेत. नोकरी करता करता हिने विमान चालवायचं लायसन काढलं. आम्हाला फोनवर सांगितलं ते काढून झाल्यावर. हिची आई दोन दिवस बोलली नाही तिच्याशी.

विमान म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं नव्हे. सेस्ना १८२ म्हणून चार माणसांचं, एका पंख्याचं विमान असतं. इंजिन २३० अश्वशक्तीचं. वजनाला आपल्या लाल डब्यापुढे पोर वाटेल. तेही एकटीचं नाही. तिघा जणांनी मिळून एक जुनं विमान घेतलंय. दरमहा प्रत्येकाने ठरलेली वर्गणी भरायची, दुरुस्तीचा खर्च तीन ठिकाणी वाटायचा, कोणी कुठल्या रविवारी न्यायचं याची वही ठेवायची. मी म्हटलं, "अगं, ही तर सहकारी सोसायटीच झाली!" तर म्हणाली, "हो बाबा, आणि वर्गणी थकवणारा एक इथंही आहे." (आपल्याकडे कोण ते मी म्हणत नाही.)

आता हा मुलूख कसा आहे ते सांगतो. आयडाहोच्या मधोमध प्रचंड डोंगराळ रान आहे. त्यातला सुमारे साडेतेवीस लाख एकरांचा सलग पट्टा १९८० साली कायद्याने राखून ठेवलाय. अलास्का सोडली तर अमेरिकेत एवढं मोठं सलग राखीव रान दुसरं नाही. त्यातून सॅमन नावाची नदी वाहते. तिला 'परत न येणारी नदी' म्हणतात, कारण जुन्या काळी होडी प्रवाहाबरोबर खाली जायची, पण उलट वर आणता येत नसे. या राखीव रानात रस्ते नाहीत. मोटार नाही, मोटारसायकल नाही, सायकलसुद्धा चालत नाही. पण विमान चालतं! कारण हे रान राखीव होण्याच्या कितीतरी आधीपासून तिथं मातीच्या आणि गवताच्या धावपट्ट्या होत्या. वनखात्याची माणसं, वणवे विझवणारे, खाणवाले, शिकारी, नदीकाठी गुरं पाळणारी घरं, सगळ्यांचा जगाशी संबंध त्या पट्ट्यांवरून. म्हणून कायदा करताना त्या चालू ठेवल्या. बर्फ पडलं की विमानाला चाकांच्या जागी घसरपट्ट्या लावतात. टपालखात्याच्या कंत्राटावर पत्रं, किराणा, औषधं आतल्या घरांना लहान विमानानेच जातात. आपल्याकडे एस.टी.च्या टपावरून पेपरचे गठ्ठे आणि कोंबड्यांच्या पाट्या जायच्या ना, तसंच.

मला हे ऐकूनच तिथली विमानं आपली वाटायला लागली.

पहिल्यांदा तिने मला नेलं ते जॉन्सन क्रीक नावाच्या पट्टीवर. ही पट्टी गवताची आहे, आयडाहो राज्य सरकार सांभाळतं. लांबी सुमारे ३,४०० फूट, म्हणजे एक किलोमीटरच्या आसपास. मुंबईची मोठी धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर आहे, यावरून अंदाज करा. उंची ४,९३३ फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा थोडी जास्तच. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये ओढा, आणि ओढ्याच्या काठाने ही हिरवी पट्टी. वरून पाहिली तर कोणीतरी सतरंजी वाळत घातलीय असं वाटतं. आणि ही तिथली सोपी, शिकाऊंची पट्टी! काही तर सहाशे फुटांच्या आतल्या, घराच्या छपरासारख्या चढाच्या आहेत. तिथं ती जात नाही. मी विचारलं, "का?" तर म्हणाली, "मला येत नाही म्हणून." एवढं साधं उत्तर. बरं वाटलं ऐकून.

निघायच्या आदल्या रात्री तिने मला वजनकाट्यावर उभं केलं. मग पिशवी काट्यावर, पाण्याची बाटली काट्यावर, आईने दिलेल्या चकल्यांचा डबासुद्धा काट्यावर. मी म्हटलं, "चकल्यांनी काय होणार?" तिने कागदावर गणित मांडून दाखवलं. ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो, कारण सगळा खेळ त्यात आहे.

विमान उचलतं ते हवा. उंचावर हवा विरळ. आणि हवा तापली की आणखी विरळ होते. जॉन्सन क्रीकला दुपारी ३० अंश तापमान असेल तर विमानाला वाटतं की आपण पाच हजार नव्हे, जवळजवळ आठ हजार फुटांवर आहोत. त्या हवेत इंजिनाची साधारण पाव ताकद कमी होते. पंखा कमी ओढतो, पंख कमी उचलतात. वेगाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण जमिनीवरून विमान प्रत्यक्षात जास्त वेगाने पळत असतं. घाटात गाडी दमते तेव्हा आपण गिअर उतरवतो. विमानाला उतरवायला गिअर नाही. म्हणून तिथले लोक पहाटे निघतात आणि दहाच्या आत आपलं काम उरकतात. दहा-अकरानंतर डोंगराचे उतार तापतात आणि वारा दरीतून वरच्या अंगाला वाहायला लागतो. रात्री थंड हवा ओढ्याबरोबर खाली उतरते, दिवसा उलटी वर चढते. रोजचं ठरलेलं.

आता उतरण्याची पद्धत. तिथं कंट्रोल टॉवर नाही, सिग्नल नाही, कोणी 'या' म्हणायला नाही. रेडिओवर एक ठरलेली फ्रिक्वेन्सी असते. तिच्यावर आपणच आपलं सांगत राहायचं, "मी अमुक ओढ्याच्या वर आहे, एवढ्या उंचीवर आहे, खालच्या अंगाला निघालोय." घाटात वळणावर आपण हॉर्न देतो, अगदी तेच. दरीत आपल्या उजव्या बाजूने उडायचं, म्हणजे समोरून येणाऱ्याला वाट राहते आणि आपल्याला वळायला पुरी दरी मिळते. बरोबर मधून उडालं तर दोन्हीकडे निम्मीच जागा उरते. ही गोष्ट मला फार आवडली. रस्त्याच्या मधून गाडी हाकणाऱ्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत.

लगेच उतरायचं नाही. आधी पट्टीच्या वरून एक फेरी मारायची. वाऱ्याचा मोजा कुठे फुगलाय, पट्टीवर हरणं आहेत का, कोणी तंबू ठोकलाय का, पावसाने चर पडलाय का, दुसरं विमान निघायच्या बेतात आहे का, हे बघायचं. मग लांबून, एका ठरलेल्या वेगाने, एका ठरलेल्या उताराने खाली यायचं. विमानाचा वेग साधारण तासाला ११० ते १२० किलोमीटर. समोर पट्टीवर एक जागा डोळ्याने पकडायची. ती जागा काचेत जिथल्या तिथं स्थिर राहिली तर आपण तिथंच पोचणार. वर सरकायला लागली तर आपण अलीकडेच पडणार. खाली सरकायला लागली तर पलीकडे जाणार. तीस वर्षं काचेतून रस्ता बघितला, पण ही युक्ती मला कोणी सांगितली नव्हती.

वेगाचं गणित आणखी कडक आहे. वेग दहा टक्के जास्त झाला तर थांबायला जागा दहा टक्के नाही, एकवीस टक्के जास्त लागते. गवत ओलं असेल, माती भुसभुशीत असेल, तर ब्रेकवर फार भिस्त ठेवता येत नाही. वेग मारायचा तो आधी. आमचे जुने इन्स्ट्रक्टर सांगायचे की वळणाच्या आत गेल्यावर ब्रेक लावणारा डायव्हर नव्हे. तेच हे.

आणि डोळे फसवतात. यातल्या बऱ्याच पट्ट्या एका अंगाला चढत्या असतात. विमान चढाकडे तोंड करून उतरवायचं, म्हणजे चढच ब्रेकचं काम करतो. आणि उडताना उताराकडे तोंड करायचं. पण चढती पट्टी समोर आली की वाटतं आपण फार उंचावर आहोत. मग माणूस नकळत विमान खाली घेतो आणि अलीकडच्या झाडांत जातो. अरुंद पट्टीही असंच फसवते. म्हणून डोळ्यांना वाटतं त्यावर नाही, आधी ठरवलेल्या आकड्यांवर चालायचं.

माती असली की आणखी दोन गोष्टी. खडे उडून पंख्याच्या पात्याला टवके पडतात, म्हणून उभ्या जागी इंजिन मोठ्याने ताणायचं नाही. आणि सेस्नाचं पुढचं चाक नाजूक. आधी मागची दोन चाकं टेकवायची, आणि नाक जितका वेळ वर धरता येईल तितका वेळ धरायचं. खड्डा असेल तो मागच्या चाकांनी सोसावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका बाजूने आत आणि त्याच बाजूने बाहेर अशा पट्ट्या असतात, कारण पुढे डोंगर उभा. तिथं येताना एक जागा अशी येते की तिच्यापुढे विमान परत फिरवता येत नाही. वळायला दरी पुरत नाही, चढायला इंजिन पुरत नाही. मग चांगलं होवो, वाईट होवो, उतरायचंच. म्हणून त्या जागेच्या बऱ्याच आधी वैमानिक स्वतःची एक खूण ठरवतो. एखादा कातळ, एखादं वठलेलं झाड, ओढ्याचं वळण. खुणेपाशी वेग, उंची, वारा, तिन्ही बरोबर असेल तर पुढे. एक जरी चुकलं तर इंजिन पूर्ण सोडून वर, परत. खुणेवर विचार करत बसायचं नाही.

हे सगळं हौशी अमेरिकनांचं कौतुक आहे असं समजू नका. आपल्या देशानेही हे केलंय, तेही जिवावर उदार होऊन. १९४८ साली लेह वाचवायचं होतं. सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने स्थानिक लोकांना हाताशी घेऊन तिथं मातीची धावपट्टी तयार केली. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा विमान तिथं उतरवलं. शेजारी जनरल थिमय्या. उंची साडेदहा हजार फुटांच्या वर, आणि त्या विमानात आतली हवा राखायची सोय नव्हती. त्यानंतर सैन्य उतरलं आणि लेह राहिलं. पुढे ३१ मे २००८ ला, हवाई दलाने दौलत बेग ओल्डीच्या मातीच्या पट्टीवर एएन-३२ उतरवलं. उंची १६,६०० फुटांच्या वर, आणि मधे ४३ वर्षं तिथं विमान उतरलेलं नव्हतं. आपण पेपरात एक ओळ वाचतो आणि पान उलटतो. जॉन्सन क्रीकला उतरल्यापासून मी ती ओळ तशी वाचू शकत नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. हिच्यासाठी मी सेक्रेटरींना हो म्हटलं.

ऑगस्टचा महिना. इंडियन क्रीक म्हणून सॅमन नदीच्या एका फाट्यावर मातीची पट्टी आहे. लांबी तशी भरपूर, साडेचार हजार फुटांच्या वर. उन्हाळ्यात नदीला पाणी उतरलं की रबरी होड्यांतून जाणारे लोक तिथंच विमानाने येतात आणि होड्या पाण्यात सोडतात. तिने तिच्या शिक्षकाबरोबर तिथं दोनदा उतरवलं होतं. तो माझा वाढदिवस. ठरलं असं की नदीकाठी बसून पोहे खायचे. सहाला निघायचं.

सहाला निघालो नाही. कारण मी. माझी आंघोळ, माझी पूजा, मग हिचा व्हिडिओ कॉल, मग "पोहे गरमच घेऊन जाऊ" हा माझा हट्ट. विमानतळावरून उडालो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. पोरगी एक शब्द बोलली नाही, पण घड्याळाकडे बघत होती ते मी पाहिलं.

पाऊण तासाने दरीत उतरलो. खाली नदी, काठाला ती तपकिरी पट्टी. वरून फेरी मारली. दोन विमानं बाजूला उभी, होड्यांची रंगीत बोचकी दिसत होती. वाऱ्याचा मोजा आधी लोळत होता, आणि बघता बघता भरला. आम्ही ज्या बाजूने येणार त्याच बाजूने वारा, म्हणजे पाठीवर. उलट बाजूने येता आलं असतं का? तसं तिने शिक्षकाबरोबर कधी केलेलं नव्हतं. ती रेडिओवर बोलली, वळली, खाली यायला लागली. मला म्हणाली, "बाबा, आता बोलू नका."

पट्टी समोर आली. मला तर ती कोल्हापूरच्या हायवेसारखी वाटली. अजून मैलभर लांब होती. मी काचेत बघत होतो. डोळ्याने धरलेली जागा खाली सरकत होती. मला तेव्हा कळलं नाही, म्हणजे कळायला हवं होतं, तिने शिकवलं होतं. पण मी मनाने उतरून पोहे खात होतो. एवढ्यात इंजिन गरजलं, नाक वर झालं आणि पट्टी डावीकडून खाली निघून गेली.

मी म्हटलं, "अगं, काय केलंस? होती की जागा!"

ती काही बोलली नाही. मी आणखी बोललो. ते सगळं इथं सांगत नाही. पण "तीस वर्षं गाडी चालवलीय मी, मला कळतं" हे एक वाक्य त्यात होतं, आणि "एवढ्या लांब येऊन घाबरलीस" हे दुसरं.

परतीच्या वाटेवर गार्डन व्हॅली म्हणून गवताची लांब पट्टी आहे, बरीच खाली, मोकळ्या खोऱ्यात. तिथं तिने विमान उतरवलं. इतकं हळू टेकवलं की मला कळलंच नाही. झाडाखाली सतरंजी टाकली, पोहे काढले. गार झाले होते. तिने प्लेट माझ्या हातात दिली आणि मग बोलली. तिच्याच शब्दांत सांगतो.

"बाबा, मी चौथीत होते. आत्याकडे कराडला जायचं होतं, तुमच्याच गाडीत. मी तुमच्या मागच्या सीटवर बसले होते. आठवतंय?"

आठवतंय म्हणजे काय! ती गोष्ट मी या सोसायटीत निदान दहा वेळा सांगितली असेल. काही जणांना पाठ असेल. जुलैचा पाऊस, कुंभार्ली घाटाच्या अलीकडे मोरीवरून पाणी चाललेलं. कंडक्टर म्हणाला, अर्धा तास थांबू. गाडीत एकाचा इंटरव्ह्यू, एकाचा दवाखाना. "जाऊ द्या हो डायव्हरकाका, तुमच्यासाठी काय एवढं!" आणि मी घातली गाडी. मधे डावीकडे एकदा झोल खाल्ला, पण काढली. पलीकडे गेल्यावर सगळ्या गाडीने टाळ्या वाजवल्या. इथपर्यंत मी नेहमी सांगतो. दुसऱ्या दिवशी परत येताना पाहिलं तर मोरीची डावी कड हातभर तुटून गेली होती. हे मात्र मी कधी कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय. चूक माझी होती, दुसऱ्या कोणाचीच नाही. कंडक्टर बरोबर होता. त्यानंतर बरेच दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि मी समजत होतो की त्याला माझा हेवा वाटतो.

पोरगी म्हणाली, "सगळे टाळ्या वाजवत होते. मला फक्त तुमची मान दिसत होती. खाकी कॉलर घामाने काळी झाली होती. पावसात. मला तेव्हा कळलं की बाबांना उतरायचं नव्हतं पाण्यात, पण मागचे लोक बोलत होते म्हणून घातली. आज मागचे लोक तुम्ही होता, बाबा. खूण आली तेव्हा माझा वेग जास्त होता. तुमचा वाढदिवस होता म्हणून वेग कमी होत नाही."

मी पोहे खाल्ले. दुसरं काही सुचलं नाही.

नंतर तिने कागदावर मांडून दाखवलं. विमानाचा हवेतला वेग ६० नॉट, म्हणजे तासाला १११ किलोमीटर, आणि पाठीवर दहा नॉटचा वारा. जमिनीवर टेकताना वेग ७०. साठचा वर्ग आणि सत्तरचा वर्ग काढा म्हणाली. थांबायला एक तृतीयांशाहून जास्त जागा लागते. त्यात उंचीची विरळ हवा, त्यात ऊन. मी म्हटलं, "तरी पट्टी लांब होती, मावलं असतं कदाचित." ती म्हणाली, "हो, कदाचित मावलं असतं. मोरीवर मावलंच की."

सभासदहो, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

त्यानंतर दोन आठवडे वणव्याचा धूर होता. तिकडे उन्हाळ्यात रानं पेटतात आणि धुराने दऱ्या भरून जातात. मग सप्टेंबरमध्ये एका रविवारी मी स्वतः चारला उठलो. आंघोळ करून पावणेपाचला बूट घालून दारात उभा. पूजा? देवाला म्हटलं, संध्याकाळी. उजाडता उजाडता उडालो. दरीत धुकं नदीला चिकटून बसलेलं, वाऱ्याचा मोजा काठीला गुंडाळून झोपलेला. तीच फेरी, तीच खूण. या वेळी मी काचेत बघत होतो. डोळ्याने धरलेली जागा हलली नाही. खूण आली, पोरीने एकदा काट्याकडे पाहिलं, आणि पुढे गेली. मागची चाकं टेकली, खडखडाट झाला, धुळीचा लोट मागे उठला. घाटातल्या कच्च्या रस्त्यावर डबा चालतो तसा आवाज. नाक बराच वेळ वर राहिलं, मग हळूच खाली आलं. अर्धी पट्टी शिल्लक होती. तिने इंजिन बंद केलं आणि एकदम नदीचा आवाज ऐकू आला. आम्ही काठावर बसून चकल्या खाल्ल्या. वजन करून आणलेल्या.

परत निघताना तिने आणखी एक नियम सांगितला. उडताना पट्टीच्या मध्यावर खूण धरायची. तिथपर्यंत उडायला लागणाऱ्या वेगाच्या सत्तर टक्के वेग आला नाही, तर इंजिन बंद करून थांबायचं. उरलेल्या अर्ध्या पट्टीत थांबता येतं. पुढे जाऊन बघू म्हटलं तर थांबताही येत नाही आणि उडताही येत नाही. तिचा मध्याच्या बराच आधी आला. मी मोठ्याने आकडे वाचत होतो. या वेळी तिनेच सांगितलं होतं, "बाबा, आज तुम्ही कंडक्टर."

आता आपल्या सोसायटीबद्दल दोनच वाक्यं, कारण चहा आलाय असं सेक्रेटरी खुणावतायत. २०२१ च्या जुलैतली ती रात्र आपण कोणी विसरलेलो नाही. रात्री पाणी रस्त्यावर होतं तेव्हाच तळमजल्यावरच्या ज्या वहिनी सासूबाईंना घेऊन, गॅस बंद करून वर आल्या, त्यांना जिन्यात काही जण हसले होते. "एवढ्यात काय घाबरता, दरवर्षीचंच आहे." हसणाऱ्यांत मीही होतो. पहाटे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्या वहिनींनी खूण आधी ठरवली होती, बहुतेक पहिल्या पायरीची. वहिनी, त्या हसण्याबद्दल मी आज सगळ्यांसमोर माफी मागतो.

पंचवीस वर्षांत या गच्चीवर मी मोरीची गोष्ट बऱ्याच वेळा सांगितली. पोरांनो, ती अर्धी होती. आज पूर्ण सांगितली. यापुढे कोणाला सांगाल तर पूर्ण सांगा, तुटलेल्या कडेसकट.

एवढं बोलून मी थांबतो. चहा गार व्हायच्या आत घ्या.

नमस्कार.